मिठाचा थर वर कसा चढतो, आणि खारपाणपट्ट्याखाली तो आहे का?

दर्यापूर तालुक्यात भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी दोन प्रश्न पाठवले आहेत. मीठ भोवतालच्या खडकांपेक्षा हलके असल्यामुळे जमिनीखालून आपोआप वर येते, असे त्यांनी एका पुस्तकात वाचले होते. दुसऱ्या पुस्तकात मात्र भूकवच ताणले गेल्यामुळे मीठ वर चढते असे लिहिले आहे. यांपैकी खरे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांच्या गावचा आहे. तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवर जो खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरींना आणि बोअरना खारे पाणी लागते. खाली मिठाचा डोंगर आहे आणि तो हळूहळू वर सरकतो आहे, असे गावात पाणी पाहणारे पाणाडे सांगतात. हे शक्य आहे का?

तेलशोधाच्या कामात मिठाचे थर असलेल्या खोऱ्यांचे सिस्मिक सेक्शन, म्हणजे जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींचे प्रतिध्वनी परत यायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेली थरांची उभी छेदचित्रे, वाचण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, आणि मी स्वतः वऱ्हाडातलाच आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे सविस्तर देतो. थोडक्यात सांगायचे तर, मिठाचे हलकेपण खरे असले तरी तेवढ्याने मीठ वर येत नाही. वरच्या खडकांचे छत मजबूत असेल तर हलके मीठ कोट्यवधी वर्षे जागच्या जागी पडून राहते. कवच ताणले गेले की छत पातळ होते, तुटते, त्यात जागा होते आणि त्या जागेत मीठ शिरते. खारपाणपट्ट्यापुरते उत्तर असे की, विदर्भात कवच ताणले गेल्याच्या खुणा भरपूर आहेत, पण ताणलेल्या त्या खोऱ्यांत मीठ साचलेच नाही. पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याचे कारण वेगळे आहे.

आता हे नीट पाहू. जमिनीखालचे मीठ म्हणजे आपण ज्याला शेंदेलोण किंवा सैंधव म्हणतो तेच, सोडियम क्लोराइडच्या स्फटिकांचा खडक. इतर गाळाच्या खडकांपेक्षा तो दोन बाबतींत वेगळा आहे. पहिली बाब घनतेची. मिठाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.१६ ग्रॅम असते आणि ते कितीही खोल पुरले गेले तरी जवळजवळ तेवढीच राहते, कारण मिठात दाबून मिटवण्याजोगी छिद्रेच नसतात. नव्याने साचलेल्या चिखलाची किंवा वाळूची घनता त्याहून कमी असते. मात्र वर गाळ साचत गेला की त्या चिखलातले पाणी पिळून निघते, कण एकमेकांत घट्ट बसतात आणि साधारण एक ते दीड किलोमीटर खोलीच्या पुढे तो गाळ मिठापेक्षा जड होतो. म्हणजे सुरुवातीला मीठच जड असते आणि पुढे ते हलके ठरते. पुष्कळ ठिकाणी मीठ हलायला लागले तेव्हा त्याच्यावरचा गाळ काही शेकडा मीटरच जाड होता आणि मिठाहून हलका होता, ही गोष्ट हलकेपणाच्या उपपत्तीला पहिल्यापासून अडचणीची होती.

दुसरी बाब प्रवाहीपणाची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. वालुकाश्म किंवा चुनखडक यांच्यावर ताण आला की ते जमिनीच्या वरच्या काही किलोमीटरांत तुटतात. मीठ तुटत नाही, वाहते. त्याच्या स्फटिकांच्या जाळीतील दोष सरकत राहतात, आणि कणांच्या सांध्यांत अगदी अंशमात्र पाणी असले तरी दाबाच्या बाजूचे मीठ विरघळून कमी दाबाच्या बाजूला पुन्हा जमते. या दोन क्रियांमुळे भूशास्त्रीय कालावधीत मिठाचा थर दाट द्रवासारखा वागतो. त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, पाण्याच्या श्यानतेच्या सुमारे १० चा २० ते २२ वा घात इतक्या पटीने जास्त असते. हा आकडा प्रचंड वाटतो. पण प्रावरणाचा खडकसुद्धा कोट्यवधी वर्षांत वाहतो, आणि मीठ त्याच्यापेक्षा शेकडो ते हजारो पटींनी सहज वाहते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे प्रमाण कळते.

मीठ वाहते कोठून कोठे? जेथे वरचे ओझे जास्त तेथून जेथे ओझे कमी तिकडे. नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेशाचा गाळ एका बाजूला जाड साचला, तर त्याच्याखालचे मीठ पातळ आच्छादनाच्या बाजूला सरकते. या प्रवाहाला दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे छताची मजबुती. दुसरी म्हणजे थराच्या तळाशी आणि माथ्याशी होणारे घर्षण, आणि तेथे थराची जाडी फार निर्णायक ठरते, कारण दोन पृष्ठांमध्ये कोंडलेल्या द्रवाचा प्रवाह जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. थर निम्मा झाला की तेवढ्याच दाबाने वाहणारे मीठ एक अष्टमांशावर येते. त्यामुळे शंभर मीटरचा थर आणि हजार मीटरचा थर यांच्यात केवळ दहापटीचा फरक नसतो; जाड थर असलेली खोरी अगदी निराळी दिसतात.

हलकेपणाच्या उपपत्तीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण शिक्षकांना दोन पुस्तकांत जी तफावत दिसली तिचे मूळ त्यात आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १० जानेवारी १९०१ रोजी स्पिंडलटॉप येथे मिठाच्या घुमटावर तेलाचे प्रचंड कारंजे उडाले आणि तेव्हापासून मिठाचे घुमट शोधण्याला आर्थिक महत्त्व आले. १९३४ मध्ये एल. एल. नेटलटन यांनी दोन द्रवांचे प्रयोग करून दाखवले: जड द्रवाखाली हलका द्रव ठेवला की सरहद्दीवर लाटा उठतात, त्या वाढून त्यांचे खांब होतात आणि शेवटी छत्रीसारखे पसरतात. ही चित्रे इतकी पटणारी होती की पुढची जवळपास पन्नास वर्षे मीठ आणि त्यावरचे आच्छादन हे दोन्ही द्रव मानून गणिते मांडली गेली. शालेय आणि महाविद्यालयीन पुस्तकांत जे उतरले ते हेच. या मांडणीत उणीव होती ती आच्छादनाच्या बाजूने. वालुकाश्म, शेल, चुनखडक हे द्रव नव्हेत. त्यांना मजबुती असते, आणि काही शेकडा मीटर जाडीचे असे छत भेदण्याइतका जोर मिठाच्या हलकेपणात नसतो.

ही उणीव ज्यांनी प्रयोगाने दाखवून दिली, ते ब्रुनो वाँदव्हील आणि मार्टिन जॅक्सन. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी मिठाच्या जागी पारदर्शक, काकवीपेक्षाही कितीतरी दाट असे सिलिकोन घेतले आणि आच्छादनाच्या जागी कोरडी वाळू घेतली. वाळूची निवड मोलाची होती, कारण कोरडी वाळू खऱ्या खडकासारखीच भंगाच्या पातळ्यांवर तुटते, द्रवासारखी वाहत नाही. पेटीच्या एका भिंतीला मोटार लावून ती भिंत अतिशय सावकाश मागे ओढायची, मधूनमधून वरून वेगळ्या रंगाच्या वाळूचा नवा थर पसरायचा, आणि शेवटी वाळू ओली करून पेटी उभी कापायची, अशी ही रीत. कापावर रंगीत थर पानांसारखे उलगडतात आणि कोणता थर साचताना कोणता भंग हलत होता हे सरळ वाचता येते. त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये दोन जोडनिबंधांत प्रसिद्ध झाले: ताणाखाली मिठाचे खांब कसे चढतात हे पहिल्यात, आणि ते कसे खचतात हे दुसऱ्यात.

चढण्याची क्रिया अशी. ताणामुळे आच्छादनात समोरासमोर कललेले दोन प्रस्तरभंग तयार होतात आणि त्यांच्यामधला पाचरीसारखा तुकडा खाली बसतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला खचदरी म्हणतात तिचेच हे लहान रूप. तुकडा खचला आणि शिवाय आच्छादन त्या जागी पातळ झाले, म्हणून तेथल्या मिठावरचा भार दोन्ही बाजूंच्या मानाने उतरला. बाजूंचे मीठ जास्त भाराखाली आहे, ते खचदरीच्या तळाकडे वाहू लागते आणि तेथे त्रिकोणी उंचवटा धरते. ताण चालू राहिला की खचदरीच्या आत नवे, अधिक जवळजवळचे भंग पडतात, मधला तुकडा आणखी अरुंद आणि पातळ होतो, त्रिकोणाचे टोक आणखी वर येते. पुरणपोळी लाटताना पारी ज्या ठिकाणी पातळ होते तेथेच पुरण डोके काढते, पुरणाने स्वतःच्या जोराने जाड पारी फोडली असे कधी होत नाही; मिठाचा या टप्प्यातला व्यवहार तसाच आहे. चढण्याचा वेग मीठ ठरवत नाही, ताण ठरवतो. वाळूच्या प्रयोगात मोटार बंद केली की सिलिकोनचा उंचवटा थांबतो. हलकेपण हेच चालक कारण असते, तर मोटार थांबल्यानंतरही तो चढत राहायला हवा होता. मला या विषयातला हा सर्वांत निर्णायक पुरावा वाटतो.

हलकेपणाची आणि दाबाची पाळी येते ती पुढच्या टप्प्यात. छत पुरेसे पातळ झाले की खालचे मीठ ते स्वतःच्या जोरावर उचलू, बाजूला लोटू आणि फोडू शकते. हा टप्पा भूशास्त्रीय मापाने झटपट उरकतो. एकदा मीठ जमिनीच्या किंवा समुद्रतळाच्या पृष्ठापाशी पोहोचले की तिसरा टप्पा सुरू होतो, आणि मिठाचे जे अनेक किलोमीटर उंचीचे खांब दिसतात त्यांची बहुतेक उंची याच टप्प्यातली असते. मिठाचा माथा पृष्ठापाशीच राहतो, भोवती गाळ साचत जातो, गाळाच्या भाराने तळचा मिठाचा थर पिळला जाऊन खांबाला पुरवठा होत राहतो. खांब गाळ भेदत वर गेला असे चित्रात दिसते, प्रत्यक्षात मात्र खांबाचा माथा जवळपास तेथेच असतो आणि भोवतालचा तळ खाली जातो. डोनाल्ड बार्टन यांनी हे १९३३ मध्येच ओळखले होते. नेटलटन यांच्या प्रयोगांच्या प्रभावाखाली ते मागे पडले. या टप्प्यात गाळ साचण्याचा वेग आणि मीठ चढण्याचा वेग यांच्यातील शर्यत खांबाचा आकार ठरवते: गाळ जलद साचला तर खांब वर निमुळता होतो, मीठ जलद आले तर तो वर रुंदावतो आणि कधी कधी गाळावर आडवा पसरून छत्री धरतो.

दुसरा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो हलकेपणाच्या विचाराने कधीच सुचला नसता. ताण चालूच आहे, पण तळचा मिठाचा थर संपत आला आहे, अशी स्थिती घ्या. खांबाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, म्हणजे खांब रुंद होतो आहे. खालून नवे मीठ मिळत नाही. मग तेवढेच मीठ जास्त रुंदीत पसरायचे तर उंची कमी होणार. खांब खचू लागतो. त्याच्या माथ्यावर खळगा पडतो, खळग्यात नवा गाळ साचतो, आणि खांबाच्या दोन्ही कडांना मिठाची शिंगांसारखी दोन टोके मागे उरतात. हलके मीठ खाली बसते आणि त्याच्या डोक्यावर जड गाळ बसतो, हे हलकेपणाच्या उपपत्तीत बसतच नाही. पण हे घडते आणि खऱ्या खोऱ्यांत दिसते.

सिस्मिक सेक्शन वाचताना हे सगळे कसे ओळखतात, ते एका उदाहरणाने सांगतो. मिठाचा आतला भाग सेक्शनवर बहुधा कोरा किंवा विस्कळीत दिसतो आणि त्याचा माथा ठळक रेषेने उठून दिसतो. ताणाने चढलेल्या मिठाचा माथा त्रिकोणी असतो आणि त्याच्या दोन्ही उतारांवर प्रस्तरभंगांच्या पायऱ्या मध्याकडे उतरत आलेल्या असतात. बाहेरच्या पायरीवरचा भंग जुन्या थरांतच थांबतो, आतल्या पायरीवरचा भंग वरच्या, नव्या थरांपर्यंत पोहोचतो. म्हणजे भंगांचे वय मध्याकडे कमी होत जाते. मग प्रत्येक थराची जाडी खचदरीच्या आत आणि बाहेर मोजायची. ज्या थराची जाडी आत वाढते तो थर साचत असताना खचदरी बसत होती, आणि ज्याची जाडी दोन्हीकडे सारखी तो साचताना सगळे शांत होते. अशा रीतीने एका चित्रावरून ताण कधी सुरू झाला, कधी थांबला, याचा इतिहास लिहिता येतो. येथे नवशिक्याला एक धोका असतो. मिठातून ध्वनिलहरी सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने जातात, भोवतालच्या तरुण गाळातून बऱ्याच कमी वेगाने. त्यामुळे जाड मिठाखालचा सपाट थर सेक्शनवर वर उचललेला दिसतो. वेगाची दुरुस्ती केल्याशिवाय मिठाखालच्या कोणत्याही उंचवट्यावर विश्वास ठेवू नये.

ताण येतो कोठून, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. एका प्रकारात संपूर्ण कवच ताणले जाते आणि मिठाखालचा पायाही तुटतो; उत्तर समुद्राखाली सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या झेकस्टाइन मिठाच्या बाबतीत असे घडले. तेथे पायातला भंग मिठाच्या थरापर्यंत येऊन थांबतो, कारण मीठ ती उडी आपल्यात जिरवते, आणि वरच्या आच्छादनात भंग काही अंतर सोडून दुसऱ्याच जागी पडतात. दुसऱ्या प्रकारात पाया शांत असतो आणि फक्त आच्छादन मिठावरून उताराच्या दिशेने घसरते. समुद्राकडे एक-दोन अंशांचा उतार त्याला पुरेसा होतो. उताराच्या वरच्या बाजूला ताण, खालच्या बाजूला दाब अशी जोडी तयार होते. आफ्रिकेच्या अंगोला किनाऱ्यावरील क्वांझा खोऱ्यात आच्छादनाचे मोठमोठे तुकडे तराफ्यांसारखे एकमेकांपासून इतके दूर सरकले आहेत की त्यांच्यामधली जागा पूर्णपणे नव्या गाळाने भरली आहे. अमेरिकेतील यूटा राज्यात कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात तर हे जमिनीवर चालत जाऊन पाहता येते: कोलोरॅडो नदीने दरी खोदल्यामुळे एका बाजूचा आधार गेला, आणि मिठाच्या थरावरचे खडक नदीकडे सरकून त्यांच्यात लांबच लांब, उभ्या भिंतींच्या खचदऱ्या पडल्या आहेत. ही हालचाल आजही अतिमंद गतीने चालू आहे.

मिठाच्या हिमनद्यांची, म्हणजे जमिनीवर येऊन उतारावरून सावकाश वाहणाऱ्या मिठाची, जी प्रसिद्ध छायाचित्रे पुस्तकांत असतात, ती बहुधा इराणच्या झाग्रोस पर्वतातील असतात. तेथे कवच ताणले जात नसून आखडते आहे, आणि आधीपासून असलेल्या मिठाच्या खांबांना दोन्ही बाजूंनी पिळून मीठ बाहेर काढले जात आहे. विद्यार्थ्यांना छायाचित्र दाखवताना हा फरक सांगावा, नाहीतर दोन निराळ्या क्रिया एकच समजल्या जातात. ताणाच्या बाजूचे उदाहरण द्यायचे झाल्यास मृत समुद्राच्या नैऋत्य काठावरचा सदोम पर्वत द्यावा. सरकणाऱ्या दोन भूखंडांमध्ये ओढ पडून खचलेल्या खोऱ्यात तो आहे, आणि त्याचे मीठ वर्षाला काही मिलिमीटर या गतीने चढत आहे.

ताणलेले कवच आणि मीठ यांची गाठ इतक्या ठिकाणी का पडते, याचेही कारण आहे. कवच ताणले की खोलगट दऱ्या तयार होतात. त्यांत समुद्राचे पाणी अरुंद वाटेने शिरते. हवामान कोरडे असेल तर पाणी आटते आणि मीठ उरते. एक किलोमीटर खोल समुद्राचे सगळे पाणी आटले तरी मागे राहणाऱ्या क्षारांचा थर पंधरा मीटरांच्या आसपासच भरतो. म्हणून हजार-दोन हजार मीटरचे मीठ साचायला समुद्र पुन्हा पुन्हा आत येत राहावा लागतो, आटत राहावा लागतो आणि तळ खचत राहावा लागतो. सुमारे ११.५ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका वेगळे होत असताना नेमके हे घडले. ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यात २००६ मध्ये तुपी येथे जे मोठे तेलक्षेत्र सापडले, ते सुमारे दोन किलोमीटर जाडीच्या त्या मिठाखाली आहे.

आता विदर्भ. आपल्याकडे कवच ताणले गेले नाही असे नाही. वर्धा आणि प्राणहिता-गोदावरीचे खोरे ही एक प्राचीन, भंगांनी सीमित झालेली खचदरी आहे. तिच्यातच गोंडवन काळातील हजारो मीटर गाळ साचला, वणी, चंद्रपूर, बल्लारपूरचा कोळसा त्यातच आहे. युरोपात झेकस्टाइनचा समुद्र आटून मीठ साचण्यापूर्वी काही कोटी वर्षे, त्याच पर्मियन कालखंडात, आपल्याकडे कोळशाची दलदल होती. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात बराच खाली होता. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या पात्रात हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला चुनखडक आणि त्यावर हिमनदीने आणून टाकलेले धोंडे आजही पाहायला मिळतात. अशा थंड, ओल्या भूमीत मीठ साचत नाही. पुढे हवामान उष्ण झाले, सिरोंच्याच्या बाजूला ज्या थरांत डायनोसॉरचे जीवाश्म मिळतात ते थर साचले, पण ते नद्यांचे आणि तळ्यांचे थर आहेत. खचदरी होती, गाळ होता, ताण होता. समुद्र आत येऊन आटला नाही. भारतात खोलवर जाड मिठाचे थर आहेत ते राजस्थानात बिकानेर-नागौरच्या खोऱ्यात, ५० कोटी वर्षांहून जुने; हिमाचल प्रदेशात मंडीजवळही सैंधवाच्या खाणी आहेत. विदर्भात आजवरच्या खोदकामांत तसा थर मिळालेला नाही.

मग पूर्णेकाठचे पाणी खारे का? सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा मोठा प्रस्तरभंग आहे आणि त्याच्या दक्षिणेचा भाग खचून तेथे नदीचा गाळ शेकडो मीटर जाड साचला आहे. हा गाळ प्रामुख्याने बेसाल्टच्या झिजेतून आलेली चिकण काळी माती आहे. बेसाल्टमधील खनिजे झिजताना सोडियम सुटतो. पाऊस बेताचा, ऊन कडक, माती इतकी चिकण की पाणी तिच्यातून खाली आणि पुढे सरकतच नाही. बाष्पीभवनाने क्षार मागे राहतात. जमिनीत चुनखडीचे खडे तयार होत जातात तसतसा कॅल्शियम त्यांत अडकतो आणि सोडियमचा वाटा वाढतो. जमीन चोपण होते आणि पाणी आणखी कमी मुरते. लोणारच्या सरोवराचे पाणी खारे आहे तेही याच जातीच्या कारणाने, पाण्याला बाहेर वाट नाही म्हणून. तेथेही खाली मिठाचा थर नाही.

खाली मिठाचा खांब असता तर खुणा वेगळ्या दिसल्या असत्या. खांबाभोवतीचे खारेपण गोल किंवा लांबट ठिपक्यासारखे असते आणि खोलीबरोबर झपाट्याने वाढते, अगदी लिटरला तीनशे ग्रॅमच्या घरात, म्हणजे समुद्राच्या आठ-नऊपट. खांबाच्या माथ्यावर भूजलाने मीठ विरघळून नेल्यावर जिप्सम, चुनखडक आणि कधी गंधक यांचे टोपण उरते. स्पिंडलटॉपचे तेल अशाच टोपणात होते. आपल्याकडे बोअरच्या चुऱ्यात यांपैकी काही येत नाही. येते ती वर काळी माती, खाली पिवळसर चिकणमाती, मध्ये बारीक वाळूचे पट्टे आणि चुनखडीचे पांढरे खडे. खाऱ्या पाण्याचा विस्तारही नदीला समांतर पट्ट्याचा आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे गाळ गोट्यांचा व जाडसर वाळूचा आहे तेथे, पाणी गोडे आहे. खारेपणा मातीच्या जातीबरोबर बदलतो, खोलवरच्या कशाबरोबर नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, मिठाचा थर ओलांडला की खाली गोडे पाणी लागेल या आशेने गाळातच बोअर अधिक खोल नेण्यात पैसा घालू नये, कारण ओलांडायला तसा थरच नाही. वरच्या पावसाच्या पाण्याचा जो पातळ गोडा थर काही ठिकाणी टिकतो तो सांभाळणे आणि शेततळ्यात पाणी धरणे हे अधिक भरवशाचे आहे.

शिक्षकांना एक काम सुचवतो. अकोटच्या बाजूने पूर्णेपर्यंत एक सरळ रेषा धरून तिच्यावरच्या गावांतील विहिरी विद्यार्थ्यांकडून तपासून घ्याव्यात: प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवरचा आकडा, आणि कोठे नवे बोअर चालू असेल तर दर तीन मीटरचा चुरा वेगळ्या पिशवीत, खोली लिहून. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा. आकडे आलेखावर मांडले की खारेपणा गाळाच्या चिकणपणाबरोबर चालतो की एखाद्या बिंदूभोवती गोळा होतो, हे वर्गातल्या मुलांनाच दिसेल. नोंदी पाठवल्यास त्या पाहून मी जरूर कळवीन.